आजी गेल्यावर तिच्या हातच्या वस्तूंचं काय करावं आणि तिच्याबद्दल काय बोलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजी ९१ वर्षांची होऊन गेली. आयुष्यभर शिवण, विणकाम, रुखवतं, रांगोळ्या. घरात तीन ट्रंका भरून तिच्या वस्तू. त्या जपायच्या कशा, संग्रहालयाला द्याव्यात का, आणि पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा तिच्याबद्दल चार शब्द काय बोलायचे.

ट्रंकांचं शेवटी सांगते. आधी चार शब्दांचं.

'प्रेमळ होती, सगळ्यांचं करायची, हाताला काय चव होती' एवढंच बोलणार असाल तर उठूच नका. हे प्रत्येक आजीबद्दल बोललं जातं. जिने आयुष्यात सुनेला धड बसू दिलं नाही तिच्याबद्दलही तेराव्याला हेच बोलतात, आणि सून बिचारी मान डोलावते. तुमच्या आजीने काय बनवलं, कशातून बनवलं, कुणासाठी, पैसे घेतले का आणि ते पैसे कुठे गेले, हे बोला. घरातल्या काही मंडळींना शेवटचे दोन मुद्दे आवडणार नाहीत. तरी बोला.

एवढ्या तावातावाने लिहायचं कारण म्हणजे माझे काका.

माझी आजी मालवणकडची. लग्न होऊन बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली आणि थेट डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत आली. (रस्त्याचं नाव कधीचं ना. म. जोशी मार्ग झालंय, पण चाळीत कुणाच्या तोंडी ते बसलं नाही.) १६० चौरस फुटांची खोली. आजोबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. आजीचा जन्म १९३४चा, आणि लालबागच्या राजाचं मंडळही त्याच सालचं, म्हणून दर गणपतीत टीव्हीसमोर बसून ती ऐकवायची, "आमी दोगां एकाच वयाची. त्येच्या फुडे लोकांची रांग, आणि मी रेशनच्या रांगेत."

गेली तेव्हा ८८ वर्षांची होती. शेवटची गोधडी तिने मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर शिवली, सुईत दोरा पणतीकडून ओवून घेऊन.

बाराव्या दिवशी चाळीच्या मंडळाच्या जागेत शोकसभा ठेवली होती. मंडळाचे अध्यक्ष बोलले, शेजारच्या मामी बोलल्या, मग काका उठले. काका ठाण्याला टॉवरमध्ये राहतात, चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत, बोलतातही छान. म्हणाले, "आमच्या आईला रिकामं बसवत नसे. घर वडिलांच्या पगारावर चालायचं, तिला काही कमी नव्हतं. पण वेळ जायचा नाही, म्हणून ती काहीतरी शिवत बसायची. तो तिचा विरंगुळा होता."

वेळ जायचा नाही!

पहाटे चारला नळ यायचा. त्याआधी हंडे-कळशा रांगेत लावायच्या. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत आजोबांचा डबा. माझे बाबा गिरणीत बदली कामगार, म्हणजे रोज गिरणीच्या गेटवर जाऊन आज काम आहे की नाही ते बघायचं. त्यांचा डबा करायचा आणि काम मिळालं नाही तर तोच परत आल्यावर वाढायचा. वर गावाकडचे दोन-तीन पुरुष कायम मुक्कामाला, कारण मुंबईत नोकरी लागेपर्यंत गाववाल्याच्या खोलीत राहायचं हा गिरणगावाचा, म्हणजे मुंबईतल्या गिरण्यांच्या वस्तीचा रिवाज. कुणी रात्रपाळी करून आलेला, कुणी दुपारच्या पाळीला निघालेला. त्या खोलीत दिवसाचे चोवीस तास कुणी ना कुणी झोपलेलं असायचं. त्यातून तिने वेळ काढला, आणि काकांना वाटतं तो उरलेला होता.

गोधडी कशी शिवतात हे माहीत असेलच. जुनी नऊवारी स्वच्छ धुऊन खाली अंथरायची, चारी कोपऱ्यांवर डबे नाहीतर वरवंटा ठेवून ताणायची, वर थरावर थर, सगळ्यात वर ठिगळांची नक्षी, मग टाचून घ्यायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत मधोमध यायचं. ही झाली गावच्या ओटीवरची गोधडी. तिथे अंथरायला जागा असते. आमच्या खोलीत अंथरायला जमीनच नव्हती, जमिनीवर माणसं झोपलेली. आजी व्हरांड्यात दाराला पाठ लावून बसायची आणि गोधडी मांडीवर गुंडाळलेली. हातभर उघडायची, तेवढं शिवायची, गुंडाळायची, पुढचं हातभर उघडायची. पूर्ण गोधडी पसरलेली तिला दिसायची ती शिवून झाल्यावरच, गच्चीवर वाळत घालताना. चित्र अख्खंच्या अख्खं डोक्यात. कापडावर रेघ नाही की खडूची खूण नाही. तरी दोन्ही कडा जुळायच्या.

हे मी कुणाही चित्रकाराला करून दाखवायला सांगेन.

आणि ती नुसती फुलं-कोयऱ्या करत नव्हती. आमच्याकडे एक गोधडी आहे तिच्यावर गिरणीची चिमणी आहे, खाली नळावरची रांग आहे, आणि मधून दुमजली ट्राम चालली आहे. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला गेली. आजीने ही गोधडी शिवली १९८३मध्ये. कुणीतरी तिला म्हणालं, ट्राम कधीच बंद झाली, बस दाखव. तर म्हणाली, "बशीक जागा खंय आसा? रूळ शिवून झाले."

त्या ट्रामच्या गोधडीत सगळी ठिगळं तिकोनी आहेत. डाळिंबी, मोरपंखी, अबोली, चिंतामणी, राणी, आमसुली, एका रंगाच्या चार-चार छटा. एवढं रंगीत पॉपलीन १९८३ साली संपकऱ्याच्या घरात आलं कुठून, हा प्रश्न काकांनी कधी स्वतःला विचारला नाही. मला विचारायची गरज पडली नाही, कारण मी तेव्हा पहिलीत होते आणि दुपारी त्या तुकड्यांच्या ढिगावर झोपायचे.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत सांगतील तसं, असं आमच्या मजल्यावर ठरलं होतं, आणि पहिले काही महिने सगळ्यांना वाटत होतं की आता होईल, मग होईल. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. आमच्या घरातले दोन्ही पगार एकाच दिवशी थांबले होते. गाववाले गावाला निघून गेले. काका तेव्हा डिप्लोमाला होते, पहिलं वर्ष.

आजीकडे पायमशीन होतं, भिशीच्या पैशातून घेतलेलं. त्यावर ती आधी चाळीतल्या पोरींचे फ्रॉक, मंडळाच्या नाटकाचे पडदे असलं शिवायची. संप लागल्यावर ती दादरला हिंदमाताच्या कापडबाजारात गेली आणि एका दुकानदाराकडून परकर नगावर शिवायला घेतले. दुकानातून पॉपलीनचे तागे यायचे, ती घरी कळ्या (वर अरुंद, खाली रुंद अशा पट्ट्या) कापायची, जोडायची, नेफा घालायची, नाडी ओवायची. सहा कळ्यांच्या परकराच्या कळ्या उलटसुलट मांडून कापल्या की दोन्ही टोकांना तिकोने तुकडे उरतात. दुकानदाराला ते नको असायचे. त्या तुकड्यांची ही गोधडी. म्हणजे एकेक तिकोन हा एकेका परकराचा पुरावा आहे. संपाच्या काळातला आमच्या घराचा जमाखर्च आहे तो, फक्त अंगावर घेता येतो.

खरा जमाखर्चही आहे. चाळीच्या पुनर्विकासासाठी खोली रिकामी करताना माळ्यावरची ट्रंक खाली आली, तिच्यात तळाशी एक वही होती. आजी मराठी चौथी शिकलेली. डाव्या बाजूला नग आणि रंग, उजव्या बाजूला जमा. रंगाचं नाव लिहायचा कंटाळा आला की तिथे त्या कापडाचा नखाएवढा तुकडा टाक्याने शिवून टाकलाय. समासात पेन्सिलीने छोटी चित्रं: गिरणीची चिमणी, कोंबडा, ट्रामची दांडी. आणि खर्चात: रॉकेल. तांदूळ. धाकट्याची फी. परत दोन पानांनी, धाकट्याची फी, पुस्तकं. परत फी.

धाकटा म्हणजे काका.

ती वही त्या दिवशी माझ्या पर्समध्ये होती. भांडायला नेली नव्हती, आत्याला दाखवायला नेली होती. काकांचं भाषण संपल्यावर मी उठले आणि फक्त तीन पानं वाचून दाखवली. नग, रंग, जमा, फी. माझं स्वतःचं एक वाक्य बोलले नाही. सभेत चुळबुळ झाली, पण मागे बसलेल्या तीन-चार म्हाताऱ्या बायकांनी पदराने डोळे पुसले ते काकांच्या भाषणाला नव्हते पुसले. त्यातल्या एकीने नंतर मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "माझी पण वही होती गं. सुनेने रद्दीत दिली."

काका त्यानंतर माझ्याशी तीन महिने बोलले नाहीत. मग फोन आला तो हे सांगायला की मयताच्या घरी हिशेब काढणं शोभत नाही. म्हटलं, काका, हिशेब तुम्ही काढलात, घर कुणाच्या पगारावर चालायचं ते तुम्ही सांगितलंत. मी फक्त खर्चाची बाजू वाचली.

आत्याचं म्हणणं वेगळं आहे, तेही लिहिते. ती म्हणते, शिवलेल्या परकरांचं गाठोडं हिंदमाताला पोचवायचं काम काकांकडे होतं. कॉलेजच्या पोरांनी एकदा दादरच्या पुलाखाली डोक्यावर गाठोडं घेतलेलं बघितलं आणि वर्षभर चिडवलं. 'तेव्हापासून त्याच्या डोक्यात आई हौसेने शिवते असंच बसलंय, दुसरं त्याला सोसत नाही.' असेल. सतरा वर्षांच्या पोराचं मला समजतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माईक हातात घेऊन तेच बोलायचं, हे नाही समजत.

गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या बायकांना निदान प्रेमा पुरव भेटल्या. त्यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, त्यामुळे खाणावळवाल्या बाईचं काम हे काम आहे हे कागदावर तरी आलं. आमच्या मजल्यावर शिवणाऱ्या बायका आपापल्या दाराला पाठ लावून एकेकट्या शिवत राहिल्या. संपावर बोलणारे आजही पुढाऱ्यांची आणि मालकांची नावं घेतात. मला कुणी त्या काळाबद्दल विचारलं तर मी परकरांपासून सुरुवात करते आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो.

बरं, तुमच्या आजीकडे येते.

आजी गेली म्हणजे तिला विचारणं संपलं. पण तिच्या बहिणी, जावा, शेजारणी, जिच्या लग्नाचं रुखवत तिने केलं ती पोरगी (आता साठीची असेल) या आहेत ना? वर्षश्राद्धाआधी त्यांच्याकडे वस्तू घेऊन जा. नुसतं 'आजीबद्दल सांगा' म्हणाल तर परत प्रेमळच ऐकायला मिळेल. वस्तू हातात द्या आणि विचारा, हे कसं केलंय, हा टाका कुणाकडून शिकली, कापड कुठून आणलं, कुणाला दिलं होतं. फोनवर रेकॉर्ड करा. पंखा बंद करून करा, नाहीतर पुढे पंखाच ऐकाल.

गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. मला त्यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव ठेवलंय. नाहीतर आपल्याकडे बाईने केलेलं सगळं 'पारंपरिक' म्हणून खपतं. तुम्हीही वस्तूबरोबर नाव ठेवा. पांढऱ्या सुती नाडीवर पेन्सिलीने आजीचं नाव, साल, जागा लिहून ती नाडी मागच्या बाजूला दोन टाक्यांनी अडकवा. बॉलपेन नको, पसरतं. स्टिकर तर अजिबात नको, त्याचा गोंद कापडात उतरतो.

संग्रहालयाचं विचारलंय. आधी फोटो आणि त्याबरोबर ही सगळी माहिती लिहून पाठवा. कुणी, कधी, कुठे, कशासाठी हे नसेल तर तुमची गोधडी त्यांच्या दृष्टीने फक्त एक जुनी गोधडी आहे. आणि आजीची सगळ्यात चांगली वस्तू देऊन टाकायची घाई करू नका.

आता ट्रंका. प्लास्टिकच्या पिशव्या, हवा काढून घेणाऱ्या त्या बॅगा, आजच काढून टाका. मुंबईच्या पावसाळ्यात आत ओल अडकली की बुरशी आणि पिवळे डाग, मग काही केल्या जात नाहीत. जुनं, अनेकदा धुतलेलं धोतर किंवा मलमल घ्या, त्यात गुंडाळा. नवं कापड वापरायचं तर आधी धुऊन खळ काढा, खळीला कसर येते. लोखंडी ट्रंकेच्या आतून सुती कापडाचं अस्तर घाला, गंजाचा डाग कायमचा असतो. शक्यतो घडी न घालता गुंडाळी करा. घडीच घालायची तर अधूनमधून घडीच्या रेषा बदला, नाहीतर कापड तिथेच फाटतं. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात, कापडाला टेकवून नाही. पाऊस सरल्यावर दिवाळीच्या आधीच्या कोरड्या दिवसांत सगळं बाहेर काढा, सावलीत वारा द्या. कडक उन्हात नको. धुवायचं असेल तर आधी पांढरा ओला फडका प्रत्येक रंगावर एका कोपऱ्यात दाबून बघा, त्या काळातले लाल आणि राणी रंग बेइमान असतात.

आणि फ्रेम करू नका.

हे मी ठळक लिहिते कारण ट्रामची गोधडी सध्या काकांच्या हॉलमध्ये आहे, काचेच्या फ्रेममध्ये, वर पिवळा दिवा सोडलेला. पाहुणे आले की दाखवतात, 'माझ्या आईची कला'. (हो, शोकसभेनंतर ती कला झाली, विरंगुळा राहिली नाही.) काच कापडाला टेकलेली आहे. टेकली की मधे दमटपणा साचतो, कापड काचेला चिकटतं. वर दिवा आणि समोर पश्चिमेची खिडकी, दोन वर्षांत डाळिंबी ट्राम फिकट गुलाबी झाली आहे. मी दोनदा सांगून पाहिलं. काका म्हणतात अंगावर घेऊन फाडण्यापेक्षा भिंतीवर बरी. मला पटत नाही. आजीने चाळीस वर्षं ती अंगावर पांघरली, दर वर्षी धुतली, आणि रंग भिंतीवर उडाला त्याच्या निम्माही उडाला नव्हता. ती स्वतः म्हणायची, "रंग गेलो तर जावंदे, टाको सुटूक नको." भिंतीवर लावायचीच असेल तर काचेत आणि गोधडीत बोटभर अंतर ठेवा, उन्हापासून आणि दिव्यापासून लांब लावा, आणि काही महिन्यांनी उतरवून विश्रांती द्या. पण माझं ऐकाल तर साध्या रोजच्या गोधड्या नातवंडा-पतवंडांत वाटा, पांघरू द्या, उसवल्या की त्यांनाच टाका घालायला लावा. एखाद-दुसरी खास असेल ती तेवढी गुंडाळून ठेवा.

दोन गोष्टी राहिल्या. वरचं सगळं सुती कापडाचं आहे. जरीच्या साड्या वेगळ्या मलमलीत ठेवा, डांबरगोळ्या त्यांच्या आसपासही नकोत, जर काळी पडते. लोकरीचं विणकाम नीट धुऊन, पूर्ण वाळवून मगच आत ठेवा, घामाच्या डागांवर कसर आधी येते. रुखवतातल्या साखरेच्या, डाळी-तांदळाच्या वस्तू असतील तर त्यांचे फोटो काढा आणि सोडून द्या. त्या एका ट्रंकेत कापडाबरोबर ठेवल्यात तर मुंग्या आणि झुरळं सगळंच संपवतील.

दुसरी म्हणजे, तुमच्या आजीने पैशासाठी केलंच नसेल, निव्वळ हौसेने केलं असेल, तर तेही छान आहे, मी पैशाचा एवढा घोष केला म्हणून ते कमी ठरत नाही. फक्त घरातल्या कुणाच्या सांगण्यावरून ठरवू नका, तिची वही, पाकिटं, पोस्टाचं पासबुक, ट्रंकेचा तळ आधी बघा.

आमच्या घरातले बरेच जण ही साइट वाचतात. काका, तुम्ही वाचत असाल तर: फीच्या पानांचे फोटो हवे असतील तर पाठवते. वही मिळणार नाही. आणि तो दिवा तेवढा बंद करा.